मुंबईच्या गल्ल्या आणि गुन्ह्याची गोष्ट

जव्हार गांवाबाहेर शिरपामाळ म्हणून एक उघडें पठार आहे. इ. स. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जातांना शिवाजीमहाराजांचा मुक्काम या माळावर पडला. जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनीं तेथें त्यांची भेट घेऊन त्यांच्या मस्तकीं मानाचा शिरपेंच चढविला, आणि त्या शिरपेंचावरून माळाला हें नांव पडलें, अशी तिकडील परंपरा आहे. माळावर आज स्मारक उभें आहे. पण तें नसतें तरी चाललें असतें, कारण त्या भेटीची आठवण राखण्याचें काम नांवानेंच साडेतीनशें वर्षें केलें आहे.

जव्हारचे हे मुकणे राजे महादेव कोळी जमातीचे. त्याच जमातीचा राघोजी भांगरे हा अकोल्याकडील डोंगरांतला. सावकारांच्या जुलमाविरुद्ध आणि कंपनी सरकाराविरुद्ध तो उठला, कित्येक वर्षें हातीं लागला नाहीं, आणि शेवटीं पकडला जाऊन १८४८ सालीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेला. सरकारी कागदांत तो दरोडेखोर होता. आज आपण त्याला क्रांतिकारक म्हणतों. एका जमातीच्या वांट्याला सह्याद्रीच्या एका बाजूस शिरपेंच आला आणि दुसऱ्या बाजूस फांस आला. माणूस गुन्हेगार कीं मानकरी, हें त्याच्या हातून काय घडलें यावर जितकें अवलंबून असतें, तितकेंच तें कागद कोणी लिहिला यावरहि अवलंबून असतें. आमच्या वाङ्मयांतील गुन्ह्याच्या गोष्टीचा, विशेषतः मुंबईच्या वस्त्यांत घडणाऱ्या गोष्टीचा, इतिहास पाहूं लागलें म्हणजे हाच प्रश्न पुढें येतो. तिचा कागद आजवर कोणी लिहिला?

गुन्ह्याची गोष्ट तशी जुनीच आहे. पण शहराच्या गल्लीबोळांत घडणारी, आणि त्या गल्लीवांचून घडूंच शकली नसती अशी गोष्ट ही गेल्या दोनशें वर्षांतील वस्तु होय. खेड्यांत चोर कोण हें बहुधा सर्वांस ठाऊक असतें; पुरावा तेवढा नसतो. लाखों अनोळखी माणसें एका ठिकाणीं राहूं लागलीं, जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्याचें नांव ठाऊक नाहींसें झालें, तेव्हांच ‘कोणी केलें?’ हा प्रश्न कथेचा विषय होण्याजोगा झाला. अमेरिकेंत एडगर ॲलन पो यानें १८४१ मध्यें आपल्या पहिल्या हेरकथेसाठीं पॅरिसची एक गल्ली घेतली. पुढल्याच वर्षीं खुद्द पॅरिसांत यूजेन स्यू याची त्या शहराच्या रहस्यांची कादंबरी वर्तमानपत्रांतून येऊं लागली, आणि १८४४ पासून लंडनमध्यें जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स यानें ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ साप्ताहिक अंकांतून स्वस्त दरानें विकावयास आरंभ केला. श्रीमंतांच्या वाड्यांतील पाप आणि दरिद्री वस्तींतील दुःख हीं एकाच पानावर मांडण्याची रेनॉल्ड्सची हातोटी होती. प्रतिष्ठित इंग्रजांस तो रुचत नसे. आमच्याकडे मात्र इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनीं त्याचीं पुस्तकें अधाशीपणानें वाचलीं.

त्या वेळीं मुंबई कशी होती, हें गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या ग्रंथांत पाहावें. बाजार, देवळें, गोद्या, नाना जातींचे लोक आणि त्यांचे पोशाख यांचें त्यांनीं मोठ्या कौतुकानें वर्णन केलें आहे. कथेला लागणारें शहर तयार होतें, आणि त्यांत हिंडणारा हेरहि तयार होता. १८५५ पासून पुढें मुंबईच्या पोलिसांचीं सूत्रें चार्लस फोर्जेट या अधिकाऱ्याच्या हातीं होतीं. तो या देशांतच वाढलेला, येथील भाषा सफाईनें बोलणारा आणि वेषांतरांत निष्णात असा होता. १८५७ सालीं वेष पालटून तो शहरांत फिरे आणि कोण काय बोलतो तें कानांत सांठवी. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत सय्यद हुसेन व मंगल गडिया या दोघां शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें, त्याच्या मुळाशीं फोर्जेटची ही चोरटी पाळत होती. म्हणजे आमच्या शहरांत वेष पालटणारा हेर कादंबरीच्या पानावर येण्याच्या पुष्कळ आधीं सरकारी चाकरींत हजर झाला होता. आणि त्यानें शोधून काढलेला ‘गुन्हा’ कोणता होता, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

शहर होतें, हेर होता. पण मराठी कथा त्यांच्याकडे लवकर वळली नाहीं. हरि नारायण आपटे यांनीं १८८५ च्या सुमारास ‘मधली स्थिति’ लिहितांना रेनॉल्ड्सचा आधार घेतला. परंतु ते थोर कलावंत असल्यामुळें त्यांनीं उसन्या सांगाड्यांत पुण्याच्या पांढरपेशा समाजाचें रक्तमांस भरलें आणि पुढें रेनॉल्ड्सची वाट सोडून दिली. गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) यांनीं ती वाट धरली व तिच्यावर मोठें यश मिळविलें. ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या त्यांच्या कादंबऱ्यांनीं दोनतीन पिढ्यांच्या रात्री जागविल्या. पण रेनॉल्ड्स मराठींत येतांना एक मोठी गोष्ट वाटेंत सांडली. लंडनच्या दरिद्री गल्ल्यांच्या जागीं आमच्याकडे जुन्या संस्थानांतील भुयारें, गुहा व चोरदरवाजे आले. रहस्य आलें, मोहल्ला राहून गेला. बंगाल्यांत प्रियनाथ मुखोपाध्याय या कलकत्त्याच्या पोलीस अधिकाऱ्यानें १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ या नांवानें शहरांतील गुन्ह्यांच्या हकीकती छापण्यास सुरुवात केली होती. मराठी वाचक त्या काळीं गिरगांवांतल्या चाळींत दिव्यापाशीं बसून गुहेंतील राजकन्येची काळजी करीत होता. त्याच जिन्याच्या तळाशीं रात्रीं काय घडतें, हें सांगणारा लेखक त्याला भेटला नव्हता.

या चाळकऱ्याला जागें केलें तें एका खऱ्या खुनानें. १२ जानेवारी १९२५ रोजीं रात्रीं मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घालण्यांत आल्या. त्याच्याबरोबर मुमताज बेगम ही इंदूरच्या दरबारांतून निघून आलेली स्त्री होती. तिला पळवून नेण्यासाठींच हा हल्ला होता. योगायोगानें तिकडून जाणारे कांहीं इंग्रज लष्करी अधिकारी मधें पडले आणि ती वांचली. खटला हायकोर्टांत चालला. एका आरोपीच्या वतीनें बॅरिस्टर जीना उभे राहिले. तिघांस फांशीची शिक्षा सांगण्यांत आली. आणि १९२६ सालीं इंदूरचे तुकोजीराव होळकर यांना गादी सोडावी लागली. वर्तमानपत्रांचे अंक हातोहात खपले, आणि १९२५ सालींच या प्रकरणावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपटहि निघाला. गुहा नको, भुयार नको. मोटार, पिस्तूल आणि टेकडीवरचा रस्ता एवढ्यावर सारें शहर श्वास रोधून बसतें, हें सर्वांनीं पाहिलें.

येथें जरा थांबून विचार करावा. त्या जानेवारींत मुंबईंत दुसरे कोणी मेले नसतील काय? गिरणीच्या खोलींत, गोदीच्या धक्क्यावर, कामाठीपुऱ्याच्या पिंजऱ्यांत कोणाचा जीव गेला नसेल काय? त्यांच्यावर मूकपट निघाला नाहीं. मलबार हिलवर सांडलेल्या रक्ताची गोष्ट झाली. गिरणगांवांत सांडलेल्या रक्ताची पंचनाम्यांत एक ओळ झाली. हा भेद कोणा एका लेखकानें केलेला नव्हे. तो वाचकांनीं, म्हणजे आम्हीं व आमच्या वाडवडिलांनीं, आपल्या कुतूहलानें केला.

यानंतर जो लेखक आला त्याच्याविषयीं पांढरपेशा घरांत उघडपणें बरें बोलण्याची रीति नव्हती. वाचीत मात्र सारे. बाबूराव अर्नाळकर यांच्या १,०९२ रहस्यकथा १९३६ ते १९८४ या काळांत पुस्तकरूपानें निघाल्याची नोंद गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकांत आहे. सरासरी काढली तर महिन्याला जवळजवळ दोन. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा सोबती छोटू हीं नांवें शाळकरी मुलांच्या तोंडीं असत, आणि भूगोलाच्या पुस्तकाच्या आंत दडविलेली त्यांची लहानशी पुस्तिका वडिलांच्या हातीं सांपडली म्हणजे घरांत छोटेखानी खटलाच चाले. या पुस्तिकांचे कांहीं नायक इंग्रजी वाचनाच्या वळणाचे होते, हें खरें. तरी अर्नाळकरांचें मोठें ऋण मान्य केलें पाहिजे. त्यांनीं कथा गुहेंतून काढून मुंबईच्या रस्त्यावर आणून सोडली. आणि ज्यांनीं एरवीं पुस्तक हातीं धरलें नसतें अशा हजारों माणसांस वाचावयास लाविलें. शिवाय, काळा पहाड हा कायद्याच्या बाहेर उभा राहून दुष्ट धनिकांस लुबाडणारा नायक होता. फोर्जेटच्या शहरांत वाचकाची सहानुभूति प्रथमच पोलिसाच्या पलीकडे गेली, हा फरक लहान नव्हे.

उणीव आहे ती दुसरीकडे. या कथेंत अखेर सर्व गुंते सुटतात. दुष्ट मरतो किंवा बेड्यांत पडतो, हिरे परत मिळतात, आणि वाचक निर्धास्तपणें दिवा मालवतो. गल्ली ही गुन्हा घडण्याची जागा असते. गुन्हा घडण्याचें कारण नसते. उद्यां तोच खून पुण्याला घडला म्हणून सांगितलें, तर दोन रस्त्यांचीं नांवें बदलून भागेल.

अमेरिकेंत व फ्रान्समध्यें याच सुमारास कथेनें निराळें वळण घेतलें होतें. डॅशियल हॅमेट हा खाजगी हेरसंस्थेंत नोकरी केलेला माणूस. १९२० नंतरच्या दशकांत त्यानें स्वस्त मासिकांतून लिहिलेल्या कथांत हेर हा बुद्धीचा जादुगार राहिला नाहीं, तर सडलेल्या शहरांत हात मळवून घेणारा मजूर झाला. १९४५ मध्यें पॅरिसच्या गालिमार प्रकाशनानें अशा कथांची माला काढली व तिला ‘सेरी न्वार’, म्हणजे काळी माला, असें नांव दिलें. तेव्हांपासून या जातीच्या कथेला जगभर ‘काळी’ हें विशेषण लागलें. तिचें लक्षण थोडक्यांत सांगावयाचें तर तींत गुन्हेगार सांपडतो, पण गुन्हा संपत नाहीं. कारण त्याचीं मुळें सबंध वस्तींत पसरलेलीं असतात.

आमचें म्हणणें असें कीं, ही काळी कथा मराठींतहि आली. परंतु ती रहस्यकथेच्या दारानें न येतां दुसऱ्याच दारानें आली, म्हणून आम्हीं तिला ओळखलें नाहीं. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. वारणेकडील भीमा हा राकट गडी पोटासाठीं मुंबईस येतो आणि उपनगरालगत दगडाच्या खाणींत काम करूं लागतो. खाण बंद पडते. एके दिवशीं नदीकांठच्या मसणवटींत राखेमध्यें त्याला सोन्याची अंगठी सांपडते, आणि मेलेल्या माणसावर जिवंत माणूस जगूं शकतो असा शोध त्याला लागतो. तो राख चाळूं लागतो. मग पुरलेलीं प्रेतें उकरूं लागतो. एका रात्रीं प्रेतासाठीं कोल्ह्यांशीं त्याची झुंज होते, आणि अखेर प्रेताच्या तोंडांतील सोनें काढतांना त्याचीं बोटें त्या जबड्यांत अडकतात. पुढें तीं बोटें कापून टाकावीं लागतात, आणि त्याच सुमारास बातमी येते कीं खाण पुन्हां सुरू झाली. दगड फोडणारे हात तोंवर निकामी झालेले असतात.

या कथेंत हेर नाहीं, रहस्य नाहीं. गुन्हेगार पहिल्या पानापासून आपल्यासमोर आहे. आपण त्याच्याबरोबर खड्ड्यांत उतरतों. ‘कोणी केलें?’ हा प्रश्नच उरत नाहीं. त्याऐवजीं एक फार अवघड प्रश्न उभा राहतो: खाण बंद करणाऱ्याचें नांव या कथेंत कोठें आहे? तें नाहीं, आणि तें नसणें हेंच या कथेंतील खरें रहस्य होय. पुन्हां, ही कथा पुण्याला हलवितां येत नाहीं. तिला खाण हवी, उपनगर हवें, आणि कामासाठीं परगांवाहून येऊन टेकलेला, ज्याच्यामागें कोणी नाहीं असा माणूस हवा.

अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरांत झोपडींत राहिले. बाबूराव बागूल (१९३०–२००८) माटुंग्याच्या लेबर कॅंपांत वाढले. त्यांचा पहिला कथासंग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा. या नांवांतील क्रियापद पाहावें. राहण्यास जागा मिळावी म्हणून एका सुशिक्षित कामगारानें आपली जात लपविली, एवढा त्याचा अपराध. समाजानें त्याला चोरी ठरविलें, आणि ती उघडकीस येतांच त्याला मार खावा लागला. १९६९ च्या ‘मरण स्वस्त होत आहे’ या संग्रहांत मुंबईच्या झोपडपट्टींतील दादा, वेश्या, उपाशी मुलें आणि पिसाळलेलीं माणसें आहेत. १९६५ मध्यें आलेल्या भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’नें नाक्यावर उभ्या राहणाऱ्या उडाणटप्पू पोरांस त्यांच्या स्वतःच्या बोलींत बोलूं दिलें. त्यावर अश्लीलतेचा आरोप होऊन मोठें वादळ उठलें, आणि पुष्कळ घरांत तें पुस्तक वर्ज्य ठरलें.

येथें दोन आक्षेप निघतील. पहिला असा कीं, या कथांस गुन्ह्याच्या कथा म्हणणें ही ओढाताण आहे. त्या सामाजिक कथा आहेत. आक्षेपांत तथ्य आहे; या लेखकांनीं स्वतः आपल्या कथांवर तसा शिक्का मारलेला नव्हता. पण आम्ही उलट विचारतों: चोरी, मारामारी, देहविक्रय आणि खून हीं ज्या कथेच्या मध्यभागीं आहेत, तिला आपण गुन्ह्याची कथा कां म्हणत नाहीं? गुन्हेगार गरीब असला कीं ती ‘सामाजिक’ होते आणि मेलेला श्रीमंत असला कीं ती ‘रहस्यमय’ होते, अशी तर आपली वांटणी नाहीं ना? तसें असेल, तर १९२५ चा जो भेद वर सांगितला, तोच आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांतहि शिरला आहे असें म्हणावें लागेल.

दुसरा आक्षेप गृहस्थ वाचकाचा. असलें घाणेरडें जग घरांत कशाला आणावें? मुलांच्या हातीं पडलें तर? ही काळजी खोटी नाहीं, आणि प्रत्येक पुस्तक प्रत्येक वयाला योग्य असतें असें आम्हीहि म्हणणार नाहीं. पण अर्नाळकरांच्या पुस्तिकेंत प्रत्येक चारपांच पानांस एक मुडदा पडे, आणि तो आमच्या वडिलांनीं हंसून सोडून दिला. भीमाच्या तुटक्या बोटांनीं मात्र आम्ही अस्वस्थ झालों. हिशेब करावयाचा तर मुडद्यांचा करावयाचा नाहीं. जी कथा आपल्याला निर्दोष ठरवून झोंपवते ती निरुपद्रवी, आणि जी आपल्यालाहि साक्षीदार म्हणून बोलाविते ती घातक, असा आपला न्याय झाला आहे.

पुढील काळांत या कथेला सामग्री कमी पडली नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणीकामगार उतरले. तो संप फसला, गिरण्यांचीं भोंगे एकामागून एक बंद झाले, आणि गिरणगांवांतील कित्येक तरुणांची वाट टोळ्यांच्या अड्ड्यांकडे गेली. भीमाची एक खाण बंद पडली होती. येथें एक सबंध मोहल्ला बंद पडला. शहराच्या एकेका वस्तीची एकेक काळी कथा, अशा संग्रहांची माला अमेरिकेंत २००४ मध्यें ब्रुकलिनपासून सुरू झाली, आणि २०१२ मध्यें अल्ताफ टायरवाला यांनीं संपादिलेला मुंबईचा संग्रह तींत निघाला. तो इंग्रजींत आहे. मुंबईच्या वस्त्यांचीं नांवें ज्या भाषेंत घरोघर उच्चारलीं जातात, त्या मराठीनेंहि आपल्या अण्णाभाऊंची, बागुलांची आणि पाध्यांची एक पोथी या दृष्टीनें बांधावी. सामग्री हाताशीं आहे, आणि तींत अर्नाळकरांसहि मानाचें पान द्यावें.

आतां पुन्हां शिरपामाळाकडे येऊं. अर्नाळकरांच्या आडनांवांतील अर्नाळा हें गांव २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे, आणि जव्हारहि त्याच जिल्ह्यांत. अर्नाळा समुद्रकांठीं, जव्हार डोंगरावर. दिवाळी सरली कीं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून बायकामुलांसह कुटुंबें निघतात आणि भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर किंवा इमारतींच्या कामावर जातात. पावसाळ्याच्या तोंडाशीं तीं परततात; सर्वच परततात असें नाहीं. शहराच्या दप्तरांत अशा माणसाला प्रवेश मिळतो तो बहुधा दोनच रूपांनीं: संशयित म्हणून किंवा बेवारस म्हणून. त्याच्या वाटेवर शिरपामाळ लागतो. तेथें राजानें राजाच्या मस्तकीं तुरा खोंवला, ही गोष्ट त्याला ठाऊक आहे आणि तिचा त्याला अभिमान आहे. तो सार्थ आहे. परंतु त्या दिवशीं माळावर घोडे धरून जे उभे होते, त्यांचीं नांवें माळाला ठाऊक नाहींत. बखर लिहिणाऱ्यानें तीं विचारलीं नाहींत. शहराची गोष्ट लिहिणाऱ्याला तीं अजून विचारतां येतील. माणसें दर वर्षीं त्याच रस्त्यानें खालीं उतरत आहेत.